डिफरन्स : एका इंग्रजी शब्दाचा अर्थेतिहास

रेमंड विल्यम्स यांचा 'कीवर्ड्‌स' हा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. संस्कृती आणि समाज यांविषयीच्या इंग्रजी विचारव्यवहारात ज्या शब्दांवाचून पुढे जाता येत नाही, अशा शब्दांचा अर्थेतिहास त्यात मांडलेला आहे. 'इक्वालिटी' या शब्दाची नोंद त्यात आहे. 'डिफरन्स' या शब्दाची नाही. १९८३ च्या विस्तारित आवृत्तीत एकवीस नव्या शब्दांची भर पडली, त्यांतही तो नव्हता. २००५ साली टोनी बेनेट, लॉरेन्स ग्रॉसबर्ग आणि मेघन मॉरिस यांनी संपादित केलेल्या 'न्यू कीवर्ड्‌स'मध्ये मात्र त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. मधल्या तीस वर्षांत हा शब्द साहित्यसिद्धान्त, स्त्रीवादी विचार, वंशविषयक चर्चा आणि वसाहतोत्तर अभ्यास या सर्वांच्या मध्यभागी आला होता. शाळकरी मुलाच्या वजाबाकीत आणि नवराबायकोच्या कुरबुरीत सारख्याच सहजतेने वावरणारा एक सामान्य शब्द सैद्धान्तिक संज्ञेच्या पदवीला पोहोचला.

सामान्य शब्दाची संज्ञा झाली म्हणजे त्याचे जुने अर्थ नाहीसे होत नाहीत. ते नव्या अर्थाखाली दबून राहतात आणि वापरणाऱ्याच्या नकळत काम करीत असतात. 'डिफरन्स'च्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण या शब्दाच्या आधारे हक्क मागितले गेले आहेत आणि याच शब्दाच्या आधारे ते नाकारलेही गेले आहेत. एकच शब्द दोन्ही पक्षांच्या हाती शस्त्र म्हणून कसा येऊ शकतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या इतिहासात शोधावे लागते.

१

'डिफरन्स' हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन 'डिफेरे' या धातूत आहे. 'फेरे' म्हणजे वाहून नेणे आणि त्यामागील उपसर्ग अलगपणाचा वाचक. तेव्हा धातूचा शब्दशः अर्थ वेगवेगळ्या दिशांना वाहून नेणे, विखुरणे असा होतो. याच धातूला आणखी एक अर्थ होता : पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे. फ्रेंचने एकाच क्रियापदात हे दोन्ही अर्थ आजवर सांभाळले आहेत. इंग्रजीत मात्र त्यांची वाटणी झाली. वेगळे असण्यासाठी 'डिफर' आणि लांबणीवर टाकण्यासाठी 'डीफर' अशी दोन क्रियापदे उच्चाराने व लेखनाने एकमेकांपासून दूर गेली आणि दोघांचे मूळ एकच असल्याची जाणीव सामान्य इंग्रजी भाषकाला उरली नाही. विसाव्या शतकात या वाटणीचे महत्त्व एकाएकी वाढले. त्याचा विचार पुढे यायचा आहे.

लॅटिनमध्ये या शब्दाला तर्कशास्त्रीय प्रतिष्ठा लाभली ती ग्रीकमुळे. अ‍ॅरिस्टॉटलचा 'डायाफोरा' हा शब्द अगदी तशाच रीतीने बनलेला आहे, आणि त्याचा पर्याय म्हणून लॅटिनमध्ये 'डिफरेन्शिया' रूढ झाला. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरीने 'इसागोगे' या छोट्या ग्रंथात पाच विधेय-प्रकारांचे विवेचन केले : जाती, उपजाती, व्यवच्छेदक धर्म, नियत धर्म आणि आगंतुक धर्म. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने केलेल्या त्याच्या लॅटिन भाषांतरावर युरोपातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तर्कशास्त्र शिकल्या. माणूस हा विवेकशील प्राणी होय, या परिचित व्याख्येत 'प्राणी' ही जाती आणि 'विवेकशीलता' हा व्यवच्छेदक धर्म. व्यवच्छेदक धर्म वस्तूला इतरांपासून वेगळे काढतो, पण ते वेगळे काढणे एका सामाईक जातीच्या आतच घडते. जातीच नसेल तर व्यवच्छेदाला विषय उरत नाही.

हीच गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या दहाव्या पुस्तकात अधिक काटेकोरपणे सांगितली आहे. तेथे तो भेद आणि अन्यत्व यांत फरक करतो. एखादी वस्तू दुसरीहून अन्य असायला विशिष्ट बाब सांगावी लागत नाही. जे जे अस्तित्वात आहे ते ते इतरांशी एकरूप तरी असते किंवा अन्य तरी असते. परंतु एखादी वस्तू दुसरीहून भिन्न आहे असे म्हणताच ती कोणत्या तरी बाबतीत भिन्न आहे असे म्हणावे लागते, आणि ती बाब दोघींना सामाईक असावी लागते. घोडा आणि बैल भिन्न आहेत, कारण दोघेही प्राणी आहेत. भेदाच्या पोटात साम्य गृहीत असते. अन्यत्वाच्या पोटात ते असण्याची गरज नसते.

भारतीय तर्कपरंपरेतही भेदाविषयी अशीच सावधगिरी आढळते. न्यायवैशेषिकांनी भेदाला अन्योन्याभाव मानले आणि प्रत्येक अभावाला प्रतियोगी असतो असा नियम सांगितला. घट हा पट नव्हे, या विधानात पट हा प्रतियोगी. प्रतियोगी न सांगता नुसता 'भेद' उच्चारणे हे अपुरे विधान ठरते. दोन परंपरांची तात्त्विक भूमी वेगळी आहे, आणि सामाईक जातीची अट न्यायमतात त्या रूपात येत नाही; परंतु भेद हा एकट्या वस्तूचा गुण म्हणून बोलता येत नाही, तो नेहमी कशाचा तरी कशापासून असतो, एवढे दोन्हींकडे मान्य आहे.

इंग्रजी व्याकरणकारांत 'डिफरंट' या विशेषणापुढे कोणते शब्दयोगी अव्यय यावे याविषयी अठराव्या शतकापासून वाद चालत आला आहे. 'फ्रॉम' हेच शुद्ध, 'टू' आणि 'दॅन' अशुद्ध, असे शाळांतून शिकवले गेले. १९२६ साली फाउलर यांनी 'टू'वरील बंदी ही निव्वळ भोळी समजूत असल्याचा निर्वाळा दिला. वाद क्षुल्लक वाटतो, पण 'फ्रॉम' म्हणताना वियोगावर भर पडतो आणि 'टू' म्हणताना संबंधावर, हे लक्षात घेतले तर या शब्दाच्या ठायी असलेली ओढाताण त्यातही दिसते. मराठीने ही ओढाताण वेगळ्या रीतीने मिटवली आहे. 'याच्यापेक्षा ते वेगळे' असे म्हणताना मराठी भाषक ज्या 'पेक्षा'चा उपयोग करतो तो संस्कृत 'अपेक्षे'पासून आलेला आहे. वेगळेपणा हा कशाच्या तरी अपेक्षेनेच असतो, हे त्या प्रयोगातच बांधलेले आहे.

२

तर्कशास्त्राच्या बाहेर, इंग्रजी लोकव्यवहारात, 'डिफरन्स'ने आणखी अर्थ धारण केले. त्यांतला एक कलहाचा. दोन माणसांमध्ये 'डिफरन्सेस' आहेत म्हणजे त्यांच्यात बेबनाव आहे. ते 'मिटवावे' लागतात. मराठीतील 'मतभेद' याच्या जवळचा आहे, आणि साम, दाम, दंड, भेद या चतुःसूत्रीतील 'भेद' त्याच्याही पुढे जातो. तेथे भेद ही कोणीतरी मुद्दाम घडवून आणलेली गोष्ट असते. भेद असतो की पाडला जातो, हा प्रश्न मराठी शब्दाच्या वापरात असा उघड उभा आहे.

दुसरा अर्थ प्रतिष्ठेच्या क्रमाचा. इंग्रजी कुलचिन्हांच्या शास्त्रात 'डिफरन्स' ही पारिभाषिक संज्ञा आहे. एकाच घराण्याच्या ढालीवर कोणत्या मुलाचे चिन्ह कोणते हे ओळखता यावे म्हणून मूळ चित्रात थोडा फरक केला जाई : थोरल्यासाठी दातेरी पट्टी, दुसऱ्यासाठी चंद्रकोर, तिसऱ्यासाठी तारा. येथे फरक ओळख पटवतो आणि त्याच वेळी वारसाहक्कातील पायरीही ठरवतो. 'हॅम्लेट'च्या चौथ्या अंकात भ्रमिष्ट ऑफिलिया फुले वाटताना त्यांतली एक कडू वनस्पती राणीने वेगळ्या रीतीने धारण करावी असे सुचवते, तेव्हा ती हाच कुलचिन्हांतील शब्द वापरते. 'किंग लिअर'मधील प्रसंग याहून उघड आहे. पहिल्या अंकात उद्धट कारभारी ऑस्वल्डला पाय घालून पाडल्यावर केंट त्याला 'डिफरन्सेस' शिकवण्याची धमकी देतो. त्या अनेकवचनाचा अर्थ पायरी, दर्जा, मालक आणि चाकर यांतले अंतर एवढाच आहे. ज्याला हे शिकवायचे आहे तो जमिनीवर पडलेला असतो, हे दृश्य या शब्दाच्या इतिहासात विसरण्याजोगे नाही.

तिसरा अर्थ हिशोबाचा. दोन संख्यांतील 'डिफरन्स' म्हणजे वजाबाकीनंतर उरणारी बाकी. चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ साली जाहीर केलेल्या गणनयंत्राला 'डिफरन्स एंजिन' हे नाव मिळाले ते याच अर्थाने. कोष्टकातील लागोपाठच्या संख्यांमधले फरक, त्या फरकांमधले फरक, असे उतरत गेले की शेवटी फरक स्थिर होतो, आणि मग केवळ बेरजेने सबंध कोष्टक पुन्हा उभे करता येते. या अर्थात कलह नाही, दर्जा नाही. दोन्ही संख्या एकाच मापाने मोजलेल्या आहेत एवढी अट मात्र आहे.

हिशोबातूनच परिणामाचा अर्थ निघाला. एखाद्या गोष्टीने 'डिफरन्स' होतो किंवा होत नाही, मराठीत 'फरक पडतो' किंवा पडत नाही. विल्यम जेम्स यांनी १९०७ च्या 'प्रॅग्मॅटिझम'मध्ये या बोलीतल्या प्रयोगाला तत्त्वाची कसोटी बनवले : दोन मतांतील ज्या भेदाने व्यवहारात कोठेच फरक पडत नाही तो भेद पोकळ समजावा. ग्रेगरी बेट्सन यांनी १९७० च्या आपल्या व्याख्यानात माहितीच्या एककाची व्याख्याही याच शब्दाच्या द्विरुक्तीतून केली : फरक पाडणारा फरक.

डेव्हिड ह्यूम यांचे स्थान या सर्वांत निराळे आहे. १७३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्रीटाइज'च्या पहिल्या भागात संबंधांचे प्रकार मोजताना ते 'डिफरन्स'ला संबंध मानण्यास नकार देतात. तो संबंधाचा निषेध आहे, भावरूप असे काही नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तादात्म्याच्या विरोधी असलेला संख्येचा भेद आणि सादृश्याच्या विरोधी असलेला प्रकाराचा भेद एवढेच दोन प्रकार ते नोंदवतात. अ‍ॅरिस्टॉटलने भेदाखाली पाहिलेली सामाईक भूमी येथे नजरेआड झाली. भेद म्हणजे साम्याचा अभाव, ही आजची सहज समजूत ह्यूम यांच्या या मांडणीच्या जवळची आहे.

३

विसाव्या शतकात या शब्दाचे भवितव्य फ्रेंचमध्ये ठरले आणि तेथून ते इंग्रजीत आले. फर्डिनां द सोस्यूर यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१६ मध्ये, शार्ल बाली आणि आल्बेर सेशये यांनी त्यांच्या जिनीव्हातील व्याख्यानांचा ग्रंथ सिद्ध केला. भाषेत केवळ भेद असतात, आणि तेही भावरूप पदांवाचूनचे भेद असतात, हे त्यातील प्रतिपादन संरचनावादाचे जणू बोधवाक्य झाले. मराठीतील 'काळ' आणि 'गाळ' यांतील पहिल्या व्यंजनांना स्वतःचे असे काही मूल्य नाही. 'क' हा 'ग' नाही, 'ख' नाही, 'च' नाही, एवढ्यानेच तो 'क' ठरतो, असे हे विवेचन समजावता येते.

परंतु ग्रंथात हे प्रतिपादन येथेच संपत नाही. चिन्हक आणि चिन्हित यांचा पृथक विचार केला तरच ते खरे आहे, असे सोस्यूर लगेच पुढे स्पष्ट करतात. दोन्ही मिळून होणारे सबंध चिन्ह हे आपल्या क्षेत्रात भावरूप असते, आणि दोन चिन्हांमध्ये जे असते त्याला भेद न म्हणता विरोध म्हणावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील इंग्रजी साहित्याभ्यासात पूर्वार्ध जेवढा गाजला तेवढा उत्तरार्ध गाजला नाही. 'भावरूप पदांवाचूनचे भेद' हे सूत्र भाषाव्यवस्थेच्या एका पातळीपुरते असताना समाज, वंश, लिंग आणि संस्कृती यांनाही लावले जाऊ लागले. व्यवस्थेच्या आत, एकाच भाषेच्या चौकटीत, हे भेद अर्थवान होतात ही सोस्यूर यांची अट त्या प्रवासात सुटली. मराठीतला 'क' मराठीतल्या 'ग'हून भिन्न असतो. ज्या व्यवस्थेत दोघेही नाहीत तेथे त्यांचा भेद संभवत नाही.

झाक देरिदा यांनी २७ जानेवारी १९६८ रोजी पॅरिसमधील फ्रेंच तत्त्वज्ञान परिषदेपुढे दिलेल्या व्याख्यानात या शब्दाच्या एका अक्षरात बदल केला. 'ई'च्या जागी 'आ' घातलेला त्यांचा शब्द कानाला मूळ शब्दासारखाच ऐकू येतो. बदल केवळ लेखनात दिसतो. फ्रेंच क्रियापदातील भिन्न असणे आणि लांबणीवर पडणे हे दोन्ही अर्थ नामाने गमावले होते. ते त्यांनी परत मिळवून दिले. लांबणीवर टाकण्याचा अर्थ ग्रीक शब्दात नाही, लॅटिनमध्येच आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अर्थ नेहमी दुसऱ्या चिन्हाकडे बोट दाखवतो आणि म्हणून कधीच पुरता हाती येत नाही, या त्यांच्या विचाराला या श्लेषाचा आधार मिळाला. इंग्रजीने ते दोन अर्थ शतकांपूर्वीच दोन क्रियापदांत वाटून टाकले असल्यामुळे भाषांतरकारांना फ्रेंच शब्द तसाच ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. इंग्रजी सिद्धान्तचर्चेत त्यानंतर एक परका 'डिफरन्स' आणि एक घरचा 'डिफरन्स' शेजारी शेजारी नांदू लागले, आणि परक्याची गूढता घरच्याच्याही अंगाला लागली.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जील दलूझ यांच्या 'भेद आणि पुनरावृत्ती' या ग्रंथाने अ‍ॅरिस्टॉटलवर थेट आक्षेप घेतला. भेदाला सामाईक जातीच्या आत बसवणे म्हणजे त्याला तादात्म्याचा अंकित करणे. मग भेदाचा स्वतंत्र विचार होतच नाही, आणि जे जातीत बसत नाही ते विकृत किंवा राक्षसी ठरते, असा तो आक्षेप. तो हलका नाही. सामाईक भूमी कोणाच्या मापाने आखली जाते, या प्रश्नाला त्यामुळे टाळता येत नाही. 'माणूस' या जातीची व्याख्या करताना स्वतंत्र पुरुषाला नमुना धरणाऱ्या परंपरेत स्त्री आणि दास यांना कमी पडणारे ठरवले गेले, हे अ‍ॅरिस्टॉटलच्याच 'पॉलिटिक्स'वरून दाखवता येते.

बार्बरा जॉन्सन यांच्या 'द क्रिटिकल डिफरन्स' (१९८०) या पुस्तकाने देरिदांचा विचार प्रत्यक्ष समीक्षेत आणताना एक उपयुक्त भेद केला. दोन गोष्टींमधला म्हणून जो भेद दाखवला जातो तो बहुधा प्रत्येकीच्या आतला भेद दडपून उभा केलेला असतो. गद्य आणि पद्य, पुरुष आणि स्त्री, साहित्य आणि समीक्षा अशा जोड्यांतील सीमारेषा ठळक करायची तर रेषेच्या अलीकडचे सर्व काही एकजिनसी आहे असे भासवावे लागते. दलूझ यांचा आक्षेप सामाईक भूमीवर संशय घ्यायला शिकवतो, तर जॉन्सन यांचे वाचन सीमारेषेवर. दोन्ही संशयांची खरी परीक्षा ग्रंथालयाबाहेर, कायद्याच्या क्षेत्रात झालेली आहे.

४

पहिले उदाहरण कलकत्त्याचे आहे. बिहारीलाल गुप्त हे लंडनमधील सनदी परीक्षा उत्तीर्ण होऊन १८७१ पासून सेवेत असलेले अधिकारी. कलकत्त्यात प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट असताना त्यांना युरोपीय आरोपीचा खटला चालवता येई. बढती मिळून मुफसलात गेल्यावर तो अधिकार संपुष्टात येई. ही विसंगती त्यांनी १८८२ मध्ये सरकारच्या निदर्शनास आणली. व्हाइसरॉय रिपन यांच्या मंडळातील कायदे-सदस्य कोर्टनी इल्बर्ट यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये ती दूर करणारे विधेयक मांडले आणि युरोपीय समाजात प्रक्षोभ उसळला. जानेवारी १८८४ मध्ये संमत झालेल्या कायद्यात, निम्म्याहून कमी नाहीत इतके युरोपीय किंवा अमेरिकन असलेल्या ज्यूरीची मागणी करण्याचा हक्क युरोपीय आरोपीला देऊन तडजोड झाली.

परीक्षा तीच, सेवा तीच, संहिता तीच. भेद कोणत्या बाबतीत, असे विचारले असता उत्तर उरत होते ते केवळ वंशाचे. पार्थ चॅटर्जी यांनी 'द नेशन अँड इट्‌स फ्रॅग्मेंट्‌स' (१९९३) या ग्रंथात ज्याला वसाहतिक भेदाचा नियम म्हटले आहे त्याचे हे प्रसिद्ध उदाहरण. आधुनिक राज्ययंत्रणेची तत्त्वे सार्वत्रिक असल्याचा दावा करायचा आणि ती लागू करण्याची वेळ आली की जित समाज निराळा आहे असे सांगायचे, हा तो नियम. अ‍ॅरिस्टॉटलच्या परिभाषेत मांडायचे तर येथे भेदाचे नाव घेऊन अन्यत्व सांगितले जात होते. सामाईक भूमी कायद्याने आधीच निर्माण केली होती; ती नाकारण्यासाठी 'डिफरन्स' हा शब्द पुढे केला गेला.

दुसरे उदाहरण शिकागोचे. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने १९७९ साली सीअर्स, रोबक या मोठ्या विक्रीसंस्थेविरुद्ध दावा दाखल केला. कमिशनवर चालणाऱ्या, अधिक मिळकतीच्या विक्रीकामात स्त्रियांना डावलले जाते, असा आरोप होता आणि त्याचा मुख्य आधार संख्याशास्त्रीय होता. दोन स्त्री-इतिहासकार तज्ज्ञ साक्षीदार म्हणून परस्परविरोधी बाजूंनी उभ्या राहिल्या. संस्थेच्या बाजूने रोझलिंड रोझेनबर्ग यांनी असे मांडले की स्त्रिया आणि पुरुष यांच्या आवडी, मूल्ये आणि कामाविषयीच्या अपेक्षा ऐतिहासिकदृष्ट्या भिन्न राहिल्या आहेत. तेव्हा संख्येतील तफावत म्हणजे डावलणेच असे समजण्याचे कारण नाही. आयोगाच्या बाजूने अ‍ॅलिस केसलर-हॅरिस यांनी सांगितले की स्त्रियांच्या निवडी मालकांनी खुल्या ठेवलेल्या वाटांनी घडत आल्या आहेत. वाट खुली झाली तेव्हा त्या गेल्या आहेत. उलटतपासणीत केसलर-हॅरिस यांच्यापुढे त्यांचेच पूर्वीचे लेखन ठेवले गेले, कारण स्त्रियांच्या वेगळ्या अनुभवविश्वाचा पुरस्कार त्यांनी आणि त्यांच्या पिढीच्या स्त्रीवादी इतिहासकारांनी केला होता. १९८६ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. १९८८ मध्ये तो अपिलात कायम झाला.

कॅरोल गिलिगन यांचे 'इन अ डिफरंट व्हॉइस' हे पुस्तक १९८२ सालचे. स्त्रियांच्या नैतिक विचाराला पुरुषी मापाने मोजून उणे ठरवू नये, हा त्यातला आग्रह न्याय्य होता. मान मिळावा म्हणून सांगितलेला हा वेगळेपणा न्यायालयात शिरताच पगार कमी असण्याचे स्पष्टीकरण बनला. जोन स्कॉट यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात या पेचाचे जे विश्लेषण केले ते या शब्दाच्या इतिहासातील एक वळण मानावे लागेल. समता आणि भेद यांना परस्परविरोधी ठेवणे ही मुळातली चूक आहे, कारण समतेचा विरोधी शब्द विषमता आणि भेदाचा विरोधी शब्द एकरूपता. समतेच्या मागणीला भेद आधीपासूनच गृहीत असतो; सर्व एकरूप असते तर समता मागण्याचे प्रयोजनच पडले नसते. या विश्लेषणात देरिदांचे साधन वापरलेले आहे, पण निष्पत्ती अ‍ॅरिस्टॉटलच्या फार दूर नाही : कोणत्या कामासाठी, कोणत्या बाबतीत भेद महत्त्वाचा, हे प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे. स्वयंपाकघरातील भांडी विकणारी बाई छताला लावायचे सामान का विकू शकत नाही, या प्रश्नाला स्त्रीत्वाच्या व्याख्येतून उत्तर मिळत नाही.

ऑड्री लॉर्ड यांनी १९८० साली अ‍ॅम्हर्स्ट महाविद्यालयात वाचलेल्या निबंधात हाच प्रश्न स्त्रियांच्या चळवळीच्या आत उभा केला होता. भेदांमुळे दुरावा येत नाही. ते नाकारल्याने आणि त्यांचे विपरीत अर्थ लावल्याने तो येतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी १९८८ मध्ये सांस्कृतिक वैविध्य आणि सांस्कृतिक भेद यांत फरक केला. वैविध्य म्हणजे तयार, बंदिस्त संस्कृतींची मांडून ठेवलेली पंगत. भेद म्हणजे सांस्कृतिक विधाने घडत असतानाची प्रक्रिया. भेद वस्तूत नसतो, तो व्यवहारात उत्पन्न होतो, हा विचार येथे स्पष्ट झाला. तो उत्पन्न करणारा कोण आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र या मांडणीत अंधुकच राहते.

५

या शेवटच्या प्रश्नाचा विचार सोस्यूर यांच्या ग्रंथाच्याच वर्षी, अगदी निराळ्या ठिकाणी झाला होता. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांविषयी निबंध वाचला. जिनीव्हा आणि न्यूयॉर्क यांत काही देवाणघेवाण झाली नव्हती. साम्य केवळ विचाराच्या घडणीत आहे. आंबेडकरांच्या प्रतिपादनानुसार भारतीय समाज वांशिकदृष्ट्या मिश्र असला तरी सांस्कृतिकदृष्ट्या एकसंध आहे, आणि जातिसंस्था म्हणजे या आधीच एकसंध असलेल्या समाजाचे कृत्रिम तुकडे. बहिर्विवाहाच्या जुन्या प्रथेवर अंतर्विवाह लादून हे तुकडे पाडले गेले. जात ही एकवचनात अस्तित्वातच नसते. जाती असतात त्या अनेकवचनातच. एका वर्गाने स्वतःला बंद करून घेतले की इतर वर्ग आपोआप बाहेर राहतात आणि त्यांचेही बंद गट होतात.

जात एकवचनात नसते, हे विधान सोस्यूरीय म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला चटकन ओळखू येईल. पद स्वतःच्या गुणाने ठरत नाही, इतर पदांपासूनच्या भेदाने ठरते. परंतु आंबेडकरांच्या मांडणीत दोन गोष्टी अधिक आहेत, ज्या सोस्यूर यांना भाषेसाठी आवश्यक वाटल्या नव्हत्या. एक, भेदाच्या आधी एकसंधता आहे. भेद हा विभाजन आहे आणि म्हणून तो मूळचा नाही. दुसरी, विभाजनाला कर्ता आहे. दार कोणी आधी लावून घेतले आणि कोणाला ते लावलेले आढळले, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पुढे त्यांच्या लेखनात आलेल्या श्रेणीबद्ध विषमतेच्या संकल्पनेत तिसरी गोष्ट मिळाली : येथले भेद शेजारी शेजारी मांडलेले नाहीत, ते एकावर एक रचलेले आहेत, आणि प्रत्येक पायरीवरच्याला खालच्यापेक्षा आपण वर असल्याचे समाधान देऊन ती रचना टिकवली जाते. केंटने ऑस्वल्डला शिकवायचे म्हटलेले 'डिफरन्सेस' ते हेच.

समकालीन मराठी समीक्षेत 'डिफरन्स'साठी भेद, भिन्नता, वेगळेपण, फरक असे अनेक पर्याय आलटून पालटून येतात, आणि संज्ञेच्या अनिश्चितीबद्दल खंत व्यक्त केली जाते. ही अनिश्चिती मराठीचे उणेपण मानण्याचे कारण नाही. 'भिद्' धातूपासून आलेल्या भेदात फोडण्याची क्रिया आहे. फोडणारा कोण हे तो विचारायला लावतो. अरबीतून आलेला 'फरक' तुलना आणि परिणाम यांच्याकडे झुकतो. मापाची अट त्याच्याबरोबर येते. 'अंतर' हा शब्द दोन जागांमधली मोकळी जागा दाखवतो आणि आतली बाजूही. इंग्रजीने ज्या अर्थांना एकाच शब्दाच्या छायेखाली ठेवले ते मराठीत वेगवेगळे उभे आहेत. म्हणून इंग्रजीतील एखादे सैद्धान्तिक विधान मराठीत आणताना कोणता शब्द बसतो हे तपासणे ही केवळ परिभाषेची अडचण राहत नाही. ती त्या विधानाचीच चाचणी ठरते. 'स्त्रियांचा डिफरन्स' असे म्हणणाऱ्याला मराठीत फरक म्हणायचे आहे की भेदभाव, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

इल्बर्ट विधेयकाच्या विरोधकांनी आणि शिकागोतील प्रतिवादी संस्थेने या शब्दाचा जो उपयोग केला त्यात एक गोष्ट समान होती : भेद सांगितला गेला, बाब सांगितली गेली नाही. न्यायाधीशाच्या कामाशी वंशाचा आणि विक्रीच्या कामाशी लिंगाचा संबंध काय, हे सिद्ध करण्याचा भार भेदाच्या नुसत्या उच्चाराने टळला. उलट लॉर्ड, स्कॉट आणि आंबेडकर यांनी कोणत्या तरी निश्चित बाबतीत, कोणत्या तरी निश्चित इतिहासातून आलेला भेद दाखवला आणि त्याच वेळी समान हक्काच्या भूमीवरचा पाय काढून घेतला नाही. दलूझ यांचा आक्षेप मान्य करूनही हे म्हणता येते. सामाईक भूमी पक्षपाती मापाने आखलेली असेल तर ती नव्याने आखण्याची मागणी करावी लागते. परंतु भूमीच नाही असे म्हटल्यावर मागणी करण्याची जागाही उरत नाही, आणि ती जागा नसणे हे ज्यांच्या हाती दाराची कडी आहे त्यांच्याच सोयीचे असते.